घरांतील कुंड्यांस आपोआप जाणाऱ्या पाण्यांतील खतें

ओसरीवर किंवा दिवाणखान्यांत शोभेचीं झाडें ठेवून त्यांस लहान पंप, वेळ लावण्याचें घड्याळ व ठिबकच्या बारीक नळ्या यांच्या योगानें आपोआप पाणी देण्याची सोय आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरींही दिसूं लागली आहे. यंत्र कोणतें घ्यावें हा प्रश्न सोपा आहे. त्याच्या टाकींत कोणतें खत विरघळवावें हा मात्र विचार करण्याजोगा असून, झाडें दगावतात तीं बहुधा येथेंच.

द्राक्षें व डाळिंबें करणाऱ्याच्या घरीं १९:१९:१९ ची उरलेली पिशवी असतेच, आणि तींतून ओंजळभर टाकींत टाकण्याचा मोह होतो. परंतु बाग आणि कुंडी यांत मोठें अंतर आहे. बागेच्या जमिनीस खोली असते व पावसानें तिच्यांतील क्षार खालीं धुपून जातात. कुंडी हें लहानसें भांडें. झाडानें जें उचललें नाहीं तें तेथेंच राहतें. पाणी उडून जातें, क्षार उडत नाहीं. मग मातीवर पांढरी खपली येते, पानांचीं टोंकें करपतात, आणि धनी समजतो कीं झाडास खत कमी पडलें!

किती द्यावें हें ठरवितांना थोडा इतिहास उपयोगी पडतो. सन १८६० च्या सुमारास जर्मनींत साक्स व क्नॉप यांनीं मातीवांचून, केवळ क्षार विरघळविलेल्या पाण्यांत झाडें वाढवून दाखविलीं. पुढें १९३८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील होगलंड व आर्नन यांनीं प्रसिद्ध केलेल्या द्रावणांत दर लिटरास सुमारें २१० मिलिग्रॅम नत्र होतें. हें प्रमाण भर उजेडांत झपाट्यानें वाढणाऱ्या टोमॅटोसारख्या पिकास मानवतें. खिडकीपासून चार-पांच हात आंत ठेवलेल्या कुंडीस बाहेरच्या उन्हाचा दहावा हिस्साही उजेड मिळत नाहीं. उजेड नाहीं तर वाढ नाहीं, आणि वाढ नाहीं तर भूक नाहीं. म्हणून अशा झाडांस लिटरास ५० ते ७० मिलिग्रॅम नत्र पुरेसें होतें. पानांसाठींच ठेवलेल्या झाडांना नत्र, स्फुरद व पालाश ३:१:२ या प्रमाणांत मानवतात. या दृष्टीनें १९:१९:१९ मध्यें स्फुरद फाजील आहे. चालतें, पण उत्तम नव्हे.

आतां कोणतें खत टाळावें तें पाहूं. सुपर फॉस्फेटमध्यें न विरघळणारा जिप्सम असतो. डीएपीचा दाणाही गाळ ठेवतो. तांबड्या पोटॅशमधील तांबडेपणा लोहाच्या न विरघळणाऱ्या अंशाचा असून तो ठिबकचें तोंड बुजवितो. युरिया स्वच्छ विरघळतो व स्वस्तही आहे. पण त्याचें आधीं अमोनिया व नंतर नायट्रेट व्हावें लागतें. हें काम जिवाणूंचें. नारळाच्या भुशानें भरलेल्या नव्या कुंडींत तें मंद चालतें, व सांचलेला अमोनिया मुळांस बाधतो. म्हणून येथें नायट्रेटरूपी नत्रावरच भिस्त ठेवावी. शेणाची स्लरी व जीवामृत हीं शेतांत कितीही गुणकारी असलीं तरी टाकींत घालूं नयेत. नळ्या तुंबतील व घरांत दुर्गंधी सुटेल. सेंद्रिय खत द्यावयाचेंच तर मूठभर गांडूळखत कुंडीच्या मातींत मिसळावें.

१०० लिटर पाण्यास कॅल्शियम नायट्रेट २९ ग्रॅम, १३:०:४५ हें ९ ग्रॅम, १२:६१:० हें ३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट १५ ग्रॅम घेतल्यास लिटरास सुमारें ६० मिलिग्रॅम नत्र पडतें व वरील प्रमाणही साधतें. टाकी १० लिटरांची असेल तर याचा दहावा हिस्सा. त्याकरितां सोनाराकडील तराजूसारखा बारीक कांटा हवा, चमच्यानें मापूं नये. सूक्ष्म अन्नद्रव्यांचें तयार मिश्रण पिशवीवर लिहिलें असेल त्याहून अधिक कधींही घालूं नये. बोरॉनच्या बाबतींत पुरेसें व विषारी यांतील अंतर फारच थोडें आहे.

प्रत्येक क्षार वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग टाकींत ओतावा. इतक्या पातळ द्रावणांत हे सर्व सहसा एकत्र नांदतात. परंतु महिन्याभराचें दाट द्रावण करून ठेवावयाचें असेल तर कॅल्शियम नायट्रेट एका डब्यांत आणि सल्फेट व स्फुरद यांचीं खतें दुसऱ्या डब्यांत ठेवलींच पाहिजेत. एकत्र केल्यास कॅल्शियमचा सल्फेटशीं जिप्सम होतो व स्फुरदाशींही सांका बसतो. अन्न गाळांत जातें आणि नळी बंद पडते. शंका असल्यास कांचेच्या पेल्यांत थोडें मिश्रण रात्रभर ठेवून सकाळीं तळाशीं पाहावें.

पाण्याचाही विचार हवा. ज्या विहिरीच्या पाण्यानें बंबांत चुन्याची खपली धरते, त्या पाण्यांत साधें ईडीटीए लोह टिकत नाहीं व कोंवळीं पानें पिंवळीं पडतात. तेथें ईडीडीएचए जातीचें लोह महाग असलें तरी तेंच घ्यावें, किंवा पत्र्यावरचें पावसाचें पाणी सांठवून निम्मेनिम्म मिसळावें. टाकीवर उजेड पडूं देऊं नये, नाहींतर शेवाळ धरतें.

महिन्यांतून एकदां प्रत्येक कुंडीस तळाच्या भोंकांतून भरपूर वाहीपर्यंत नुसतें पाणी द्यावें. जेथें सुती वात खालच्या भांड्यांतून पाणी वर ओढते तेथें क्षार वरच्या थरांतच सांठतात, म्हणून हें धुणें वरूनच व पंधरवड्यानें करावें.

एक गोष्ट मात्र कोणींही हयगयीवर नेऊं नये. खताची टाकी पिण्याच्या पाण्याच्या नळास थेट जोडूं नये. पाणी बंद झालें कीं द्रावण उलट ओढलें जाऊं शकतें, व नायट्रेटयुक्त पाणी तान्ह्या मुलांच्या जिवास घातक असतें. टाकी वेगळी ठेवावी, ती वरून बादलीनें भरावी, आणि जोडणें अपरिहार्यच असेल तर मध्यें पाणी उलट न येऊं देणारी झडप बसवून ती दर सहा महिन्यांनीं तपासावी.