जांघेतली कळ आणि खुब्याचा एक्स-रे

पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारा बावीस वर्षांचा एक तरुण मागे माझ्याकडे आला. “डॉक्टर, जांघेत कळ येते. मोटारसायकलवर टांग टाकताना, उकिडवे बसताना जास्तच.” स्नायू दुखावला असेल, असे समजून मी वेदनाशामक गोळ्या दिल्या. पुढे कमरेचा एक्स-रे काढला, तोही निर्दोष निघाला. यात तीन महिने गेले. चूक माझीच, खुब्याचा सांधा मी तपासलाच नव्हता.

“नेमके कुठे दुखते?” असे विचारल्यावर त्याने अंगठा मागे, बोटे पुढे असा खुबा पंजात धरून दाखवला. उताणे झोपवून मी त्याचा गुडघा छातीकडे आणला आणि मांडी आत वळवली. तो कळवळला.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडाच्या खोबणीत फिरते. काहींच्या डोक्याखाली, मानेवर जादा हाडाचा उंचवटा असतो. काहींच्या खोबणीची कड पुढे आलेली असते. मांडी वाकवली की दोन्ही हाडे एकमेकांवर आदळतात. खोबणीच्या कडेची झालर फाटते, कूर्चा झिजते. यालाच ‘हिप इम्पिंजमेंट’ म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बर्नचे डॉ. राइनहोल्ड गांझ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विकाराची सविस्तर मांडणी केली.

तपासणीची सुरुवात दोन्ही खुबे दिसतील अशा समोरून काढलेल्या एक्स-रेने होते. पण उंचवटा बहुधा पुढच्या बाजूस असल्याने त्यात लपू शकतो. म्हणून मांडी वाकवून ‘डन व्ह्यू’ हा दुसरा एक्स-रे काढतात. त्यावर ‘अल्फा कोन’ मोजतात. तो साधारण ६० अंशांपुढे गेला तर उंचवटा आहे असे मानतात. झालर आणि कूर्चेची अवस्था एमआरआयमध्ये कळते. माझ्या रुग्णाचा उंचवटा या दुसऱ्या एक्स-रेतच दिसला.

मात्र वाचकहो, नुसत्या फिल्मवरून घाबरू नका. असा उंचवटा असूनही अनेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. २०१६ च्या ‘वॉरिक करारा’त तज्ज्ञांनी स्पष्ट केले की तक्रार, तपासणीतील खुणा आणि चित्र या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हे निदान करावे.

जांघदुखीबरोबर ताप, रात्रीची वेदना किंवा लंगडणे असेल, अथवा स्टेरॉइड वा दारूचे सेवन असेल, तर थांबू नका. क्षयरोग किंवा खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणे, ही कारणे असू शकतात. रक्तपुरवठा तुटल्यास सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तेव्हा एमआरआय लागतो.

त्या तरुणाने खोल बैठका बंद केल्या, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतले. त्याला शस्त्रक्रिया लागली नाही. आज तो धावतो. भरतीची ती एक खेप मात्र हुकली. तेव्हापासून जांघ दुखते म्हणून कोणी तरुण आला, की मी आधी त्याचा खुबा फिरवून पाहतो.