दीपमाळवाला इंजिनीअर

मी औंधचा. पुण्यातलं आयटीवालं औंध नव्हे हो, साताऱ्याकडचं, यमाईचं! देवळासमोरची दीपमाळ बघत वाढलेला माणूस. म्हणूनच नोकरीसाठी मुंबईत आल्यावर कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा पाहिला आणि वाटलं, ही तर साहेबाची दीपमाळ! अंदाज फारसा चुकला नाही. सुमारे ६० मीटर उंचीचं हे टोक बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडायचं.

पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्या सैनिकांचं हे स्मारक. आधी डेरिक नावाच्या इंग्लंडमधल्या आर्किटेक्टचा आराखडा आला, पण तो फार महागात जाणारा होता. मग काम गेलं हेन्री कॉनीबेअरकडे. गंमत म्हणजे हा गडी सिव्हिल इंजिनीअर! इंग्लंडहून मुंबईत आलेला आणि शहराची स्वच्छता, दुरुस्त्या बघणारा. त्यानं इथल्याच दगडात गॉथिक कमानी उभ्या केल्या. १८४७ साली पाया घातला, १८५८ मध्ये चर्च खुलं झालं आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं.

मधल्या काळात साहेब नुसते कमानी मोजत बसले नव्हते. १८५४ साली मुंबईत पाण्याची भीषण टंचाई झाली. कॉनीबेअरनं मिठी नदी अडवून विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आणायची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी आलं. मुंबईच्या पाणीपुरवठ्यात हा तलाव आजही आहे.

पुढे मायदेशी परतल्यावर त्यानं इचिन स्टोक गावात, जिथे त्याचा भाऊच धर्मगुरू होता, १८६६ साली आणखी एक चर्च बांधलं. प्रेरणा पॅरिसच्या सेंट शापेलची.

हे सगळं मला का भावलं? मी स्वतः ड्रेनेज लाइनची कामं बघतो. पार्टीत कुणी विचारलं की ‘इन्फ्रा’ म्हणतो. ऐकायला बरं वाटतं ना! आणि ‘माझ्या प्रोफाइलमध्ये बसत नाही’ हे वाक्य तर आपल्या सगळ्यांच्याच ऑफिसात रोज ऐकू येतं. कॉनीबेअरच्या बायोडेटात मात्र चर्चच्या खालच्याच ओळीत पाण्याचा नळ आहे. चर्च फोटोत येतं, पाणी घरी येतं. कुलाब्याला गेलात तर मनोरा जरूर बघा. आणि सोमवारी ऑफिसात कुणी ‘तुझं काम काय?’ विचारलं, तर बिनधास्त खरं सांगा. मी तर आता सरळ ‘गटारं’ म्हणणार आहे!