आजीच्या गिन्न्या कशात ठेवता?
आमच्या यवतमाळात कित्येक घरांत आजीच्या गिन्न्या, पुतळ्या अजून जपलेल्या आहेत. पण त्या असतात मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात! ते बहुधा पीव्हीसी असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर बिघडतं, त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. शुद्ध सोन्याला काही होत नाही; पण ब्रिटिश गिन्नी २२ कॅरेटची, ७.९८ ग्रॅमची. तिच्यातलं तांबं डागाळतं.

मायलारचं पाकीट किंवा ॲक्रिलिकची कडक डबी घ्या. रबरबँड नकोच, त्यात गंधक असतं. पावसाळ्यात शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा. नाणं कडेनंच धरा, आणि कृपा करून घासून चकचकीत करू नका! पुतळीचं सोनं इतकं मऊ असतं की त्यावरची आकृतीच झिजून जाते.