चहा, अॅडेनोसिन आणि पियुषिकेचा ब्रेक

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी अकोल्यात चहा थांबत नाही, आणि चहातले कॅफिन शरीरात नेमकी अॅडेनोसिन या नैसर्गिक रसायनाची पेशींवरची जागा, म्हणजे ग्राही, अडवते. मग त्याने हार्मोन बिघडतात का? पियुषिका ग्रंथीच्या पेशी मज्जापेशींसारखेच विद्युत स्पंद निर्माण करतात; स्पंदासोबत कॅल्शियम आत शिरते आणि हार्मोन बाहेर पडते. अॅडेनोसिनचा ए-१ ग्राही अनेक पेशींत पोटॅशियमचे मार्ग उघडतो, कॅल्शियमचे आवळतो, स्पंद मंदावतात. उंदराच्या पियुषिकेतील गाठीपासून वाढवलेल्या जीएच-३ पेशींत याच ग्राहीमुळे प्रोलॅक्टिन या हार्मोनचा स्राव घटतो, हे १९८८ साली दाखवले गेले. म्हणजे ब्रेक खरा आहे.

या पेशी गाठीच्या, त्याही प्रयोगशाळेतल्या, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय अॅडेनोसिनचे ए-२ ग्राही ए-१ च्या उलट, पेशीतले सायक्लिक एएमपी हे संदेशवाहक रसायन वाढवतात आणि कॅफिन दोन्हींना अडवते. त्यामुळे पेशीवरून थेट कपापर्यंत उडी मारणे मला घाईचे वाटते. माणसांत भक्कम पुरावा आहे तो कॅफिनने झोप उडण्याचा. संध्याकाळचा चहा कमी करायचा असेल, तर त्या कारणाने करा.