पायाखालचे बटण आणि बेंजोची रोजी

कापडाच्या व्यापाऱ्याने गाण्याबजावण्याच्या यंत्रांवर लिहावे, हे काही वाचकांना अजब वाटेल. आम्हालाही वाटले असते. पण मागच्या लग्नसराईत आमच्या भाच्याची अर्धी बिदागी कापली गेली, आणि तीही एका बटणापायी. तेव्हा हा मामला समजून घेणे भाग पडले.

भाचा बेंजो वाजवतो. हे वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ते काढले. तिकडे त्याला ताईशोगोतो म्हणतात. आपल्याकडे येऊन ते बुलबुल तरंग झाले, बेंजो झाले. खाली तारा, वर टाइपरायटरसारख्या कळा. कव्वालीच्या मंचावर आणि वरातीत वाचकांनी ते पाहिलेच असेल. आता त्याला पिकअप बसवतात आणि गिटारवाल्यांची यंत्रे जोडतात. त्यांतले एक म्हणजे डिले, साध्या भाषेत इको.

पूर्वी हे काम टेपवर चाले. रोलंड कंपनीच्या १९७४ सालच्या आरई-२०१ यंत्रात टेपचा पट्टा गोल फिरे. एक हेड आवाज भरून घेई, पुढची हेडे तोच आवाज मागाहून ऐकवीत. १९८३ साली बॉस कंपनीने डीडी-२ काढले आणि तेच काम पायाने दाबायच्या लहान डबीत, डिजिटल पद्धतीने होऊ लागले.

यंत्राची मुख्य बटणे तीन. आवाज किती वेळाने परत यावा, किती वेळा यावा, आणि मूळ आवाजाच्या मानाने किती मोठा असावा. पहिले बटण तालाशी जुळले नाही तर सारा मजा किरकिरा. हिशेब मात्र दुकानातल्या हिशेबाइतकाच सोपा आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर ६०,००० ला १२० ने भागा, ५०० आले. म्हणजे ५०० मिलिसेकंद, अर्धा सेकंद. दर ठोक्याला एक इको हवा तर वेळ इतकी ठेवायची. पण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. हिशेब करणार कधी आणि बटण फिरवणार कोणत्या हाताने? म्हणून पायाखाली फुटस्विच ठेवतात. गाण्याच्या ठेक्यावर तो दोनदा दाबला की दोन दाबांमधले अंतर यंत्र स्वतः मोजून घेते. याला टॅप टेम्पो म्हणतात. हातमाग चालवलेल्या घराण्यांना हे नवे नाही. हात धोट्यावर आणि पाय पावडीवर, तोच प्रकार.

भाच्याने मुंबईहून एक फुटस्विच आणला. दुकानदाराने काही न विचारता दिला, यानेही काही न विचारता घेतला. पहिले गाणे ठीक झाले. दुसरे जलद होते. याने नेहमीप्रमाणे दोनदा दाबले, पण इको पहिल्याच गाण्याच्या संथ चालीने येत राहिला. ढोलकी एकीकडे, बेंजो दुसरीकडे. यजमानांनी हिशेबाच्या वेळी हात आखडता घेतला.

आम्ही तो स्विच भद्रकालीकडच्या एका शिलाई मशीनच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी झाकण उघडून मीटर लावला आणि हसले. "बेटा, हे दिव्याचे बटण आहे. तुला घंटीचे पाहिजे."

"चाचा, फरक काय?" भाच्याने विचारले.

फरक असा. दिव्याचे बटण एकदा दाबले की चालू राहते, दुसऱ्यांदा दाबले की बंद होते. म्हणजे दोन दाबांत जोड एकदाच लागते. यंत्राला एकच ठोका कळला, अंतर मोजणार कशाचे? घंटीचे बटण दाबले तेवढाच वेळ जोडते आणि पाय उचलताच सुटते. टॅपसाठी तेच लागते. चालू-बंदसाठी काही यंत्रे पहिला प्रकार मागतात, म्हणून यंत्रासोबतची पुस्तिका आधी वाचावी. मिस्त्रींनी आतला स्विच बदलून दिला. मजुरी घेईनात, आम्ही बळेच दिली.

त्यांनीच आणखी एक खोड सांगितली. काही यंत्रांत एकाच भोकात दोन बटणांची जोडणी असते, एक टॅपसाठी, दुसरे पुढची सेटिंग लावण्यासाठी. तिथे तीन भागांची पिन हवी. साधी दोन भागांची घातली तर दुसरे बटण कायम दाबलेले आहे असे यंत्र समजते.

स्टिरिओचेही ऐकून घ्या. यंत्राला दोन आउटपुट असली तर इको एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणता येतो. खोलीत बहार येते. मंडपात डावे स्पीकर एका टोकाला, उजवे दुसऱ्या टोकाला. मग कडेला बसलेल्या पाहुण्याला एक इको नीट ऐकू येतो आणि एक हरवतो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. ३४ मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज १०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि जुळवलेला ताल पुन्हा बिघडतो. मोठ्या मंडपात एकच आउटपुट वापरावे, हे आमचे मत. भाच्याला ते पटत नाही.

आता धंद्याची गोष्ट. या फुटस्विचमध्ये ना बॅटरी, ना विजेचे सर्किट. चांगला स्विच, ६.३५ मिलिमीटरची पिन, जाळीदार आवरणाची वायर, जाड पत्र्याची पेटी आणि दरीवर सरकू नये म्हणून खाली रबर, एवढाच माल. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पत्रा वाकवणारे आणि झाळकाम करणारे हात आपल्या मोहल्ल्यांत आहेत. बँडवाले, कव्वाल, कीबोर्डवाले हे ग्राहकही इथलेच. फक्त पेटीवर प्रकार कोणता ते ठळक लिहावे, आणि विकण्यापूर्वी ग्राहकाला त्याचे यंत्र कोणते ते विचारावे. कापड देताना आम्ही पनाही विचारतो आणि माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही.

मिस्त्री सध्या दोन बटणांची पेटी बनवत आहेत. भाच्याने बयाणा दिला आहे. पावती आम्ही मागून घेतली.