शंभर वर्षांतला पूर आणि संभाव्यतेचे गणित

पावसाळा भरात आला की खारेपाटणच्या बाजारपेठेची नजर शुक नदीकडे लागते. सह्याद्रीच्या उतारावर कोसळलेले पाणी काही तासांतच खाली येते. त्याच वेळी विजयदुर्गच्या खाडीतून भरती आत चढत असली, तर त्या पाण्याला वाट मिळत नाही. ज्या खाडीने या गावाला एकेकाळी बंदराचे वैभव दिले, तीच अशा दिवशी त्याला धास्तीची वाटते.

या पुराचे दोन घटक भिन्न स्वभावाचे आहेत. भरती चंद्र-सूर्यांच्या गतीने बांधलेली असल्याने तिचे वेळापत्रक आगाऊ छापता येते. पावसाचे तसे नाही. तो किती, कोठे आणि किती वेळ पडेल हे कोणत्याही सूत्रात नेमके बसत नाही. जेथे नियम आणि यदृच्छा अशा एकत्र नांदतात, तेथे शास्त्रज्ञ यादृच्छिक प्रतिमानाचा आधार घेतात. ‘अमुक दिवशी पूर येईल’ असे हे प्रतिमान सांगत नाही. अमुक उंचीचा पूर येण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. पूल, धरण, दूरध्वनीचे जाळे, रोगाची साथ या सर्वांच्या अभ्यासात आज हीच पद्धत वापरली जाते.

या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्या भूमीचाही वाटा आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, 1943 मध्ये, त्यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. तंबोऱ्याच्या एका झंकारात जसे अनेक स्वर मिसळलेले असतात, तसे काळानुसार बदलणाऱ्या यादृच्छिक राशीचे पृथक्करण काही मूळ आकृतिबंधांत करता येते, हा त्याचा आशय. त्यांतील मोजके प्रमुख आकृतिबंध घेतले तरी बराचसा चढउतार हाती येतो. फिनलंडचे कारुनेन व फ्रान्सचे लोएव्ह हे त्यानंतर स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. आज हा सिद्धांत तिघांच्या नावे ओळखला जातो.

मात्र गणित कितीही सूक्ष्म असले, तरी त्याची भाषा लोकांपर्यंत न पोहोचल्यास अनर्थ होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग पाहा. असा पूर एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ सर्रास घेतला जातो. तो साफ चुकीचा आहे. दर वर्षी शक्यता शेकडा 1, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी तो पुन्हा येण्यास गणिताची आडकाठी नाही. दुकानासाठी तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हिशेब केला, तर त्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा 26 निघते. शंभर वर्षांत ती शेकडा 63 होते, शंभर नव्हे.

हा हिशेब उभा राहतो तो नोंदींवर. दीर्घकाळच्या विश्वसनीय नोंदी नसतील, तर मोठ्यातले मोठे संगणकही अंधारातच चाचपडणार. शिवाय हवामान बदलत असताना कालच्या नोंदींवरून उद्याचा अंदाज बांधण्यातला धोका वाढला आहे. म्हणून पर्जन्यमापक आणि नदीची पातळी दाखविणाऱ्या पट्ट्या वाढविणे, त्यांच्या नोंदी खुल्या करणे, जुन्या पुरांच्या खुणा गावात ठळकपणे कोरून ठेवणे हे अग्रक्रमाचे काम ठरते. शाळांनी रोजच्या पावसाची वही ठेवली, तर विद्यार्थ्यांना सांख्यिकीचा पहिला धडा अंगणातच मिळेल.

शेवटी, धोका किती हे शास्त्र सांगेल. त्यातला किती पत्करावयाचा हे ठरविणे मात्र समाजाचे काम आहे. पुलाची उंची आणि बांधकामाची पूररेषा ठरविताना कोणती शक्यता गृहीत धरली, हे नागरिकांना उघडपणे सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले जात नाही तोवर पुराला ‘दैवी आपत्ती’ म्हणणे, ही स्वतःच्या जबाबदारीतून काढलेली सोयीस्कर पळवाटच होय.