सत्त्याण्णव गुण म्हणजे नेमके किती?

‘व्हिस्की बायबल’ या आपल्या पुस्तकाच्या २०१० सालच्या आवृत्तीत जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने बेंगळुरूच्या अमृत फ्यूजनला शंभरपैकी ९७ गुण दिले आणि तिला जगातली तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवलं. २०२१च्या आवृत्तीत हाच तिसरा क्रमांक गोव्याच्या पॉल जॉन मिथुनाला मिळाला. आपल्याकडची बरीचशी व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर बनते. अशा देशातल्या माल्टला, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीला, मिळालेला हा मान मला आजही मोलाचा वाटतो. पण २०१५च्या आवृत्तीत जपानची यामाझाकी शेरी कास्क पहिली आली, पहिल्या पाचांत एकही स्कॉच नव्हती. पुढच्याच वर्षी कॅनडाची स्वस्तातली क्राउन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्ट राय पहिली आली. दोघींना ९७.५ गुण होते. तेव्हापासून व्हिस्कीप्रेमींच्या बैठकीत एक वाद हमखास रंगतो: या माणसाच्या गुणांवर विश्वास ठेवायचा का?

‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून हा वाद मिटत नाही. समीक्षक हा एक वजनकाटा आहे असं समजा. काटा तपासायचा असेल तर आधी तो कसा बनलाय ते बघावं लागतं.

मरे यांच्या काट्याला चार पारडी आहेत: वास, चव, घोट गिळल्यावर रेंगाळणारी चव आणि या सगळ्यांचा तोल. प्रत्येकाला २५ गुण. पाणी नाही, बर्फ नाही. ग्लास हाताच्या उबेने अंगाच्या तापमानापर्यंत आणायचा आणि मग चाखायचं. इथेच पहिला फरक पडतो. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये संगणकावर दाखवून दिलं, की व्हिस्की पाण्याने सौम्य केली की ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे घरी चमचाभर पाणी घालून पिणाऱ्याच्या नाकाशी पोहोचणारा वास आणि मरे यांनी गुण दिलेला वास एकच असेल असं नाही.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. ‘शंभरपैकी’ म्हटलं तरी शंभर घरं कोणीच वापरत नाही. माल्टवरचं मार्गदर्शक पुस्तक १९८९मध्ये लिहिणारे मायकल जॅक्सन (पॉप गायकाशी संबंध नाही) फार हात राखून गुण देत. त्यांच्या हिशेबात पंचाहत्तरीच्या पुढची व्हिस्की आवर्जून चाखावी अशी. नव्वदी अगदी मोजक्यांच्या वाट्याला. त्यामुळे दोन समीक्षकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. समजा, एकाची सरासरी ८२ आहे आणि त्याचे गुण साधारण चारने वरखाली होतात. त्याचे ९० म्हणजे सरासरीच्या दोन पायऱ्या वर. दुसऱ्याची सरासरीच ९० असेल, तर त्याचे ९० म्हणजे ‘ठीक आहे’. आकडा आधी त्या माणसाच्या सरासरीशी ताडून बघायचा, मग दुसऱ्याच्या आकड्याशी.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. तीच व्हिस्की त्याच माणसाला न सांगता पुन्हा दिली, तर तो तितकेच गुण देईल का? वाइनच्या बाबतीत ही परीक्षा झाली आहे. कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक आणि वाइन-उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी २००५पासून तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, ओळख लपवून, तीनदा दिली. २००८मध्ये निकाल छापला. एका वाइनला तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या आसपास ठेवणारे परीक्षक दहातला एक इतकेच निघाले. बाकीच्यांचे गुण चारेक अंकांनी इकडेतिकडे सहज होत होते. हे सगळे सराईत लोक होते. व्हिस्कीत तर अल्कोहोल ४० टक्क्यांच्या वर, कधी ६०च्या आसपास. जीभ लवकर बधिर होते. धुरकट व्हिस्कीमागून नाजूक व्हिस्की आली की ती फिकी लागते. म्हणून ८९ आणि ९१ यांत फरक आहे असं कोणी ठासून सांगितलं, तर मी मान हलवत नाही.

मग गुण निरुपयोगी का? मला तसं वाटत नाही. नेमानं दोनशे ग्रॅम जास्त दाखवणारा काटा कामाचा असतो, तेवढे वजा केले की झालं. समीक्षकाचा कल ओळखीचा असला की तसंच होतं. मरे यांचा सर्वांत ठळक कल गंधकाबद्दलचा आहे. स्पेनहून शेरीची रिकामी पिंपं यायची, तेव्हा ती खराब होऊ नयेत म्हणून आत गंधक जाळत. तो अंश लाकडात मुरतो आणि व्हिस्कीला विझलेल्या आगकाडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास येतो. मरे यांना तो अजिबात खपत नाही, भलेभले शेरी-माल्ट त्यांनी यापायी खाली ओढले आहेत. पण सगळ्यांच्या नाकाला गंधक सारखा जाणवत नाही. काहींना तर तो पदार्थाला खमंगपणा यावा तसा आवडतो. ज्याच्या नाकाला जाणवत नाही, त्याला मरे यांचे गुण लहरी वाटणारच. म्हणून आकड्याखालचा मजकूर आधी वाचावा. गुण का कापले, ते तिथे असतं.

एक अडचण मात्र कुठल्याच समीक्षकाच्या हातात नाही. गुण मिळतात ते त्याने चाखलेल्या बाटलीला. पिंपं बदलतात, तुकड्या बदलतात, आणि गाजावाजा झाल्यावर दुकानात येणारी बाटली पुढच्या तुकडीची असू शकते.

आपलं स्वतःचं नाक तपासायला घरगुती रीत आहे. आम्ही दोघा मित्रांनी ती एका रविवारी करून पाहिली. एकाच डिस्टिलरीच्या दोन शेरी-माल्ट घेतल्या. एका समीक्षकाने पहिलीला ९१ दिले होते, दुसरीला गंधकाची तक्रार करून ८७. बायकोने स्वयंपाकघरात प्रत्येक फेरीचे तीन ग्लास भरले, दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि खूण म्हणून बुडाला टिकल्या चिकटवल्या. वेगळा ग्लास कोणता, एवढंच ओळखायचं. अशा सहा फेऱ्या, मध्ये पाणी आणि कोरडा पाव. निव्वळ अंदाजाने सहापैकी दोन बरोबर यायला हवेत.

माझे तीन आले. नुसत्या अंदाजाने तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ तीनात एक असते, म्हणजे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मित्राचे पाच आले. ते नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. प्रत्येक वेळी ग्लास नाकापासून दूर करत तो एकच शब्द म्हणत होता: आगकाडी.

आता मरे यांनी गंधकाबद्दल कुरकुर केलेली बाटली तो घेत नाही. मी घेतो.